जागती दोरी

गुहेत उतरण्याआधी भांडू नये असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. असता, तर लेखा तोरसकर आणि तिची धाकटी नणंद शाल्मली या दोघी आयुष्यात कधी एकत्र पाण्यात उतरल्याच नसत्या.

"वहिनी, पुरे झालं हं! किती वेळा ओढून बघशील? तुटत नाही ती."

"तुटत नाही हे मलाही माहीत आहे. जागची हलते का ते बघतेय."

"हललीच तर ती स्वतःहून सांगेल."

"हो गं बाई, बोलकी ना ती! आमच्या वन्संसारखीच."

दोरी ओढणाऱ्या मोटरपाशी बसलेले नौशादभाई मुकादम मिशीतल्या मिशीत हसले. या दोघींचं भांडण ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. पण आपण मध्ये पडायची चूक त्यांनी कधी केली नव्हती.

जागा होती धोंडवण्याचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडंबोडकं पठार. त्याच्या मधोमध विहिरीसारखा खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी पाण्याने तुडुंब भरलेल्या गुहेचं तोंड. समुद्र वर सरकला तशा किनाऱ्यालगतच्या गावांतल्या विहिरी एकामागून एक खारट झाल्या होत्या. चहा मचूळ, आमटीत मीठ घालायची गरज नाही, आणि टँकर येईल तेव्हाच पाणी. या सड्याच्या पोटात गोड्या पाण्याचा जिवंत झरा असणार, असं भूगर्भवाले सांगत होते. त्याचं मूळ सापडलं, तर तिथे पंपाचा पाइप नेता येणार होता. यंत्रमासे सोडून पाहिले, तर ते लाल गाळात आंधळे होऊन कुठेतरी रुतून बसले. आता माणसांनीच जायचं उरलं होतं.

समुद्रात डायव्हरचं काही बिनसलं तर तो वर येऊ शकतो. गुहेत डोक्यावर कातळाचं छत असतं. तिथे वर यायचं तर आधी बाहेर यावं लागतं, आणि बाहेरची वाट दाखवते ती फक्त दोरी. गुहेच्या तोंडापासून डायव्हरच्या हातापर्यंत अखंड, कुठेही खंड न पडलेली दोरी. गाळ उठला की दिव्याचाही उपयोग नसतो. मग अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून त्यात दोरी धरायची आणि आंधळ्यासारखं चाचपत बाहेर पडायचं. जुन्या पद्धतीत ही दोरी प्रत्येक वळणावर कातळाच्या शिंगाला गाठ मारून बांधत. त्यामुळे ती नेहमी वाटेच्या रुंद भागातूनच जायची, जिथून माणूस निघू शकतो.

शाल्मलीने या दोरीला डोळे-कान दिले. तिच्या जागत्या दोरीच्या पोटात काचेचा केसाएवढा तंतू होता. वरून त्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे; दोरीला कुठे हात लागला, कुठे ताण आला, त्याप्रमाणे ते ठोके बदलून माघारी येत. त्यावरून कोण कुठे आहे ते नौशादभाईंना पडद्यावर दिसे. पाण्यात ती दोरी बाहेरच्या दिशेने हिरवी वाहताना दिसे आणि मास्कच्या कोपऱ्यात अंतर उमटे. सैल दोरी टाकीत किंवा पायात अडकते, म्हणून तोंडाशी बसवलेली मोटर ती कायम ताठ ठेवी. ही दोरी वापरात आल्यापासून देशात एकही डायव्हर गुहेत हरवला नव्हता. शाल्मलीला शाली मिळाल्या, सत्कार झाले. लेखा प्रत्येक सत्काराला पहिल्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवून आली होती. हे सगळं खरंच होतं.

फक्त त्या मोटरसाठी गाठी गेल्या. गाठ मारली की तंतू चिमटतो आणि दोरी खेचली जात नाही. म्हणून गाठींच्या जागी कातळात ठोकलेल्या गुळगुळीत कड्या आल्या, आणि दोरी त्यांच्यातून सरसर पळू लागली. धोंडवण्याच्या मोहिमेत सुरक्षेची जबाबदारी लेखाची होती. कड्यांना होकार देण्याआधी तिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, पण शेवटी होकार दिला होता.

दोघी उतरल्या. पाणी नितळ होतं. जांभ्याच्या भिंती पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या, आणि भोकाभोकांत मैद्याहून बारीक लाल गाळ. पायाचा एक फटकारा चुकला की सगळं लाल होणार. लेखा प्रत्येक वळणावर मान वळवून मागे बघत होती. येताना गुहा वेगळी दिसते, जाताना वेगळी. म्हणून मागे बघत जायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

"मान मोडेल तुझी," मास्कमधल्या फोनवर शाल्मली म्हणाली. हा फोन हाकेच्या अंतरापुरताच चाले. वर निरोप जाई तो दोरीतूनच: एक चिमटा म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील द्या, तीन म्हणजे संकट.

"मोडू दे. तुझा दादा शेकवून देईल."

"दादा? त्याला गॅस पेटवता येतो का अजून?"

मग गळा आला. इथे भुयार एकदम आवळलं होतं आणि त्याचे दोन भाग झाले होते. उजवीकडे माणूस टाकीसकट जेमतेम जाईल एवढी वाट. डावीकडे तिच्या बरोबरीने जाणारी एक अरुंद फट, ज्यात हात जाईल, खांदा जाणार नाही. दोरी उजवीकडच्या वाटेत राहावी म्हणून तिथे एक कडी ठोकली होती. लेखाने तिला बोट लावलं. कडीच्या बुडातून लाल भुकटी झरली.

"शाल्मली, ही हलतेय."

"माझ्या मास्कमध्ये सगळं ठीक दाखवतंय."

"मास्कचं राहू दे. मी हाताने बघतेय. थांब, एक गाठ मारते."

"वहिनी, प्लीज! गाठ मारलीस की वर लाल दिवे लागतील आणि काम बंद पडेल. आज दुपारी पाहुणे येणार आहेत बघायला. येताना बघू ना आपण."

लेखाचा हात कमरेच्या रिळापर्यंत गेला होता. त्या रिळावर तिची स्वतःची साधी पांढरी दोरी होती, जी ती सगळ्यांची थट्टा ऐकूनही कधी घरी ठेवून आली नव्हती. समोर जागती दोरी छान हिरवी वाहत होती. गाठ मारणं आता जरा अतिच वाटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

गळ्यापलीकडे भुयार उघडून मोठं दालन झालं. शिरताच मीठ मोजणाऱ्या यंत्राचा आकडा घसरू लागला. पुढे एका कपारीपाशी पाणी थरथरताना दिसलं, तापलेल्या तव्यावरची हवा दिसते तसं. खारं आणि गोडं पाणी एकमेकांत मिसळतं तिथे नजर अशीच हलते. शाल्मलीने बरोबर आणलेलं दोरीचं टोक तिथल्या कातळात ठोकलं आणि कपारीत हात घातला. थंडगार पाण्याचा झोत बोटांवर आदळला आणि यंत्रावरचं मीठ शून्याला जाऊन टेकलं.

"वहिनी! अगं वहिनी, सापडला!"

"ओरडू नकोस, कान फुटले माझे," लेखा म्हणाली, पण ती स्वतःही ओरडलीच होती. दोघींनी पाण्यात एकमेकींना मिठी मारली. टाक्या एकमेकींवर आपटल्या आणि बुडबुड्यांचा मोठा लोट छताकडे गेला.

छत मऊ होतं. आधी लाल पावसासारखं काहीतरी झिमझिमलं. मग एक पापुद्रा सुटला, त्यामागून दुसरा, आणि कुठेतरी धप्पकन काहीतरी मोठं बसल्याचा आवाज पोटात जाणवला. बघता बघता सगळं लाल, मग तपकिरी, मग काळं झालं. लेखाने दिवा मास्कला टेकवला तरी दिसला नाही.

"दोरी धर," ती म्हणाली.

"धरली. एक चिमटा दिला. घाबरू नकोस, ती नेईल आपल्याला."

शाल्मली पुढे, लेखा मागे. लेखाचा एक हात दोरीवर, दुसरा शाल्मलीच्या पोटरीवर. हवेची चिंता अजून नव्हती. टाकीतली एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेली जोडीदाराला, हा हिशेब दोघींनी चोख पाळला होता.

मग पोटरी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही... अरुंद लागतंय. अंतर बरोबर दाखवतंय, दिशा बरोबर आहे. गळाच आहे हा. पण खांदा जात नाहीये." थोडी झटापट झाली. "वहिनी, मी येताना जाडी नव्हते ना गं?"

लेखाने दोरीवरून हात पुढे नेला. दोरी सरळ डाव्या फटीत शिरली होती. हादऱ्याने कडी निखळली होती, आणि मोटरने आपलं काम अगदी चोख केलं होतं. तिने दोरी ताठ केली होती, आणि ताठ दोरी जवळच्यात जवळच्या वाटेने गेली होती. ही वाट बाहेरच जात होती, पण एका दोरीपुरती.

"शाल्मली, मागे ये. ही फट आहे. वाट उजवीकडे राहिली."

"येता येत नाहीये! टाकीचा नळ अडकलाय. थांब, वर सांगते."

"नको, आधी—"

पण शाल्मलीने तीन चिमटे देऊन टाकले होते. आणि दोरी आणखी आवळली.

फोनवर शाल्मलीचं कण्हणं आलं. मग तिचा श्वास बारीक आणि भराभर होऊ लागला. लेखाने चाचपून पाहिलं. दोरी शाल्मलीच्या छातीखालून येऊन टाकीच्या नळामागून वर गेली होती आणि तिला कातळावर दाबून धरत होती.

"ढील माग. दोन चिमटे."

"नाही देणार." शाल्मलीचा आवाज रडवेला झाला होता. "एकदा संकट म्हटलं की ती ढील देतच नाही, वहिनी. माणसाला ताठ दोरी धरून बाहेर येता यावं म्हणून ती आवळत जाते. नौशादभाईंनी बटण दाबलं तरी ऐकणार नाही. घाबरलेल्या माणसाने चुकून ढील देऊ नये म्हणून... मीच केलंय तसं. माझ्या हाताने."

लेखाचीही पाचावर धारण बसली होती. पण घाबरायला दोघींपैकी एकीलाच परवानगी होती, आणि तो नंबर आधीच लागला होता.

"ऐक. आधी श्वास. मोठा घे, सावकाश सोड. माझ्याबरोबर. हां, अशी. आता मी माझ्या रिळाची दोरी इथल्या कातळाला बांधते. मग तू तुझी दोरी काप."

"कापू?"

"काप."

गुहेतल्या डायव्हरला पहिल्या दिवशी शिकवतात, दोरी सोडायची नाही. दोरी कापण्याबद्दल शिकवतसुद्धा नाहीत, इतकं ते पाप. आणि ही तर शाल्मलीची दोरी, तिच्या आयुष्याची दहा वर्षं.

"तू काप ना," ती पुटपुटली.

"माझा हात पोचत नाही. तुझाच पोचतो. आणि हे बघ, ती हलणारी कडी मी डोळ्यांनी पाहिली होती. पाहून गप्प बसले. तेव्हा आता इथून तुला बाहेर काढणं माझ्याकडे लागलं. कळलं?"

लेखाने कातळाचं एक शिंग शोधलं. ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं. पांढरी दोरी त्याला दोन वेढे देऊन घट्ट बांधली. मग आपली सुरी शाल्मलीच्या तळव्यात ठेवून तिची बोटं एकेक करून मिटली.

टण्णकन आवाज झाला. कापलेलं टोक फटीतून सपकन नाहीसं झालं. मास्कमधलं अंतर विझलं, हिरवा उजेड विझला. शाल्मली मोकळी होऊन मागे आली आणि लेखाला बिलगली. आता जगाशी त्यांचा काहीही संबंध उरला नव्हता. हातात होती कुठेच न जाणारी एक पांढरी दोरी.

"आता?" शाल्मलीने विचारलं.

उजवीकडची वाट हाताच्या अंतरावर नव्हती. मध्ये पडलेल्या ढिगाऱ्याने भिंतीचा आकारच बदलला होता. लेखाने एकदा चाचपलं आणि आंधळा कोनाडा लागला. परत फिरून दुसऱ्यांदा चाचपलं, पुन्हा कातळ. टाकीचा काटा दिसत नव्हता, पण श्वास ओढायला किंचित जड लागू लागला होता. लेखाने स्वतःला थांबवलं. झऱ्याचं पाणी इथेच येतंय, ती मनात म्हणाली. ते बाहेर कुठून जातं? फटीतून थोडं जात असेल. पण एवढा मोठा झोत फटीतून मावणार नाही. पाणी रुंद वाटेनेच जाणार.

प्रवाह इतका संथ होता की हाताला कळत नव्हता. मग तिने अशी गोष्ट केली, जी शिकाऊ डायव्हरने केली असती तर तिनेच त्याला पाण्याबाहेर हाकललं असतं. तिने रीळ फिरवून दोरी सैल सोडली. भरपूर सैल.

"वहिनी, काय करतेस? ढील नको देऊस, अडकू आपण!"

"तू हलू नकोस. शिंगापाशी हात ठेव. सांग मला, दोरी कुठे चाललीये?"

क्षणभर काहीच झालं नाही. मग शाल्मलीच्या बोटांखाली दोरी हलली.

"फुगतेय. पोट धरतेय उजवीकडे. वरच्या बाजूला, उजवीकडे!"

ताठ दोरीला पाणी कळत नाही. सैल दोरी पाण्याबरोबर जाते. लेखा त्या वाकलेल्या दोरीवरून बोटं सरकवत निघाली. ढिगाऱ्यावर चढली, पोटाने घासत वर गेली, आणि छताजवळ हात एकदम मोकळ्या पाण्यात पडला. मनगटावर गार झुळूक लागली. तिने दुसरा हात घातला, डोकं घातलं, खांदे घातले. टाकी कातळाला घासून गेली.

"सापडली! वन्सं, सापडली वाट! दोरी धरून या!"

तिने सैल दोरी गुंडाळून घेतली आणि वाटेच्या या बाजूला दुसरी गाठ मारली. पलीकडे तिसरी. शाल्मली मागून येत होती, प्रत्येक गाठीपाशी थांबत होती आणि "आले" म्हणत होती. गाळ काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा लाल. मग दूरवर गुहेच्या तोंडाचं निळं पाणी दिसलं आणि शाल्मली लहान पोरीसारखी हुंदके देत हसू लागली. मास्कमध्ये रडू नये हाही एक नियमच आहे. लेखाने त्या वेळी तो मोडला.

वर आल्या तर नौशादभाई टाकी चढवून, हातात स्वतःचं रीळ घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे. त्यांच्या पडद्यावर 'दोन्ही डायव्हर संपर्काबाहेर' असं लिहून आलं होतं. कापलेलं टोक मोटरने त्यांच्या पायाशी आणून टाकलं होतं.

"काळजाचं पाणी झालं होतं हो लेखाताई," ते म्हणाले. "मग टोक नीट बघितलं. सुरीने कापलेलं, स्वच्छ. म्हटलं, तुटलेली नाही, कापलीये. म्हणजे कुणीतरी शुद्धीवर आहे. म्हणजे येतायत."

शाल्मली काठावर बसून राहिली. मग उठली, मोटरपाशी गेली आणि तिने ती बंद केली.

चार दिवसांनी चौकशीला मुंबईहून, जागती दोरी पुरवणाऱ्या संस्थेची माणसं आली. संस्थेचा विचार सरळ होता: यंत्रात दोष नाही, डायव्हरने चुकीच्या वेळी संकटाचा चिमटा दिला, विषय संपला. शाल्मली त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दोरी खोटं बोलली नाही," ती म्हणाली. "ती म्हणाली बाहेर इकडे आहे, आणि बाहेर तिकडेच होतं. फक्त माणूस केवढा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. ते बघायचं काम आमचं होतं. आम्ही बघायचं सोडून दिलं, कारण ती बघतेय असं मी सगळ्यांना सांगत फिरले. देशात जिथे जिथे कड्या आहेत, तिथे उद्यापासून डायव्हिंग बंद. आधी गाठी. तंतू चिमटत असेल, तर तो न चिमटणारा करणं माझं काम."

"आणि कडी हलते हे मी पाहिलं होतं," लेखा मागून म्हणाली. "अर्धी चूक माझी."

"वहिनी, अर्धी-अर्धी वाटून घ्यायला तो काय पेरू आहे? तू गप्प बस."

"गप्प बसले म्हणूनच तर झालं ना!"

मुंबईकर माणसं एकमेकांकडे बघत राहिली. नौशादभाई मात्र बऱ्याच दिवसांनी मिशीतल्या मिशीत हसले.

एक काम राहिलं होतं. जागत्या दोरीचं आतलं टोक अजून गुहेत पडलं होतं. कापलेली दोरी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली, तर ती त्याला कुठेही नेऊन सोडेल. ज्याने दोरी बिघडवली त्याने ती दुरुस्त केल्याशिवाय गुहा सोडायची नाही, हे तर जुन्यातलं जुनं वळण. गाळ बसल्यावर शाल्मली नौशादभाईंना घेऊन आत गेली. तिने तो तुकडा गुंडाळून आणला आणि नवा तंतू तयार झाल्यावर दिवसामागून दिवस आत-बाहेर करत नवी दोरी बांधत गेली. तिच्यात तंतू होता, जो गाठीला घाबरत नव्हता. मोटर नव्हती. लेखाला तिने एकदाही आत येऊ दिलं नाही. "झाल्यावर ये," एवढंच म्हणाली. लेखा वर बसून नखं खात राहिली.

झालं त्या दिवशी दोघी एकत्र उतरल्या. पंपाचा पाइप मागून यायचा होता, गावातली माणसं खड्ड्याभोवती गोळा झाली होती. शाल्मली पुढे निघाली. पहिल्या वळणावर लेखा थांबली, गाठीला हात लावला, ओढून पाहिली, शिंग हलवून पाहिलं. शाल्मलीने मागे वळून पाहिलं आणि ती थांबली. रागावली नाही.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. मला घाई नाही."

लेखाने दुसरी गाठ पाहिली, तिसरी पाहिली. गळ्यापाशी तर तिने तिन्ही वेढे बोटाने मोजून पाहिले, आणि दोरी उजवीकडच्या रुंद वाटेतून, मधोमध, माणसाला जाता येईल अशी गेलेली पाहिली. तिथून ढिगाऱ्यावरून आत, दालनाच्या कडेकडेने, थेट कपारीतल्या थंडगार झोतापर्यंत. तिने एकही गाठ विश्वासावर सोडली नाही. आणि एकही गाठ सैल नव्हती.